सूतशेखर ते पॅन-डी : आपल्याकडच्या पित्ताचा इतिहास

कर्जत असो की खोपोली, मेडिकलवर जाऊन नुसतं "पित्ताची द्या" म्हटलं की मागचा माणूस कुठल्या खणात हात घालतो ते तुम्हाला माहीत आहे. पॅन-४०, पॅन-डी, ओमेझ, नाहीतर रॅबेप्राझोलची कुठली तरी. कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या हातावर. चिठ्ठी कोणी मागत नाही, आपणही दाखवत नाही. त्याच स्ट्रिपवर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं की हे औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं. म्हणजे कायद्याच्या भाषेत 'शेड्यूल एच'. पण कात्री नेमकी त्या ओळीवरूनच जाते.

हे औषध आपल्या घरात चहा-साखरेसारखं कधीपासून झालं, त्याच्या आधी लोक काय करायचे, आणि या सगळ्यात आपल्या या खोऱ्याचा काही हात आहे का, यावर बरेच दिवस लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे. जेवल्यावर लगेच आडवं न होता वाचा.

आधी शब्दाचं बघू. आपण 'पित्त' म्हणतो तेव्हा त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्तच. आणि डॉक्टर ज्याला 'बाइल' म्हणतो, ते यकृतातून येणारं हिरवट पित्त तर वेगळंच. ॲसिडिटीचा पदार्थ म्हणजे जठरात तयार होणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते जठरात असायलाच हवं, अन्न पचवायला आणि जंतू मारायला. जठर आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावर स्नायूंचं एक कडं असतं, ते झडपेसारखं काम करतं. ते ढिलं पडलं की ॲसिड उलटं वर चढतं. जठराला आतून अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून ती भाजते. करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी, रात्री आडवं झालं की ठसका, हा सगळा त्याचाच प्रकार. डॉक्टरी नाव जीईआरडी.

आपल्या जुन्या वैद्यांना हे दिसलं नव्हतं असं नाही. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात 'अम्लपित्त' हा स्वतंत्र रोग सांगितलाय. माधवनिदानात त्याचे दोन प्रकार केलेत, वर जाणारं ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारं ते अधोग. ऊर्ध्वग हे नाव किती नेमकं आहे बघा. त्यावरचं आपल्याकडचं सगळ्यांत चाललेलं औषध म्हणजे सूतशेखर. आपल्या शेजारच्या पनवेलला १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर सुरू केलं. आयुर्वेदिक औषधं कारखान्यात बनवून बाटलीत विकायची, ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या उद्योगांपैकी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली. सूतशेखरात शंखभस्म असतं. शंखभस्म म्हणजे शेवटी कॅल्शियमचा क्षार, तो ॲसिड मारणारच. पण त्यात पारा, गंधक आणि बचनागही असतो. त्यामुळे 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' म्हणून रोज दोन गोळ्या चघळणाऱ्यांनी एकदा वैद्याला विचारावं. घराघरात मात्र आमसुलाचं पाणी, मोरावळा, थंड दूध, साळीच्या लाह्या हेच चालायचं.

मग आला सोडा. खायचा सोडा पाण्यात टाकून पिणं, इंग्रजांचं इनो, नंतर जेलुसिल आणि डायजिनच्या गुलाबी बाटल्या. ही सगळी एकाच कुळातली. तयार झालेलं ॲसिड मारायचं, आणि जठराने परत ॲसिड सोडलं की परत बाटली उघडायची. तास-दोन तासांचा आराम.

आणि ज्याचं याने भागत नव्हतं, त्याच्या नशिबी सुरी होती.

माझे वडील खोपोलीत एका कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला होते. १९७८ ला त्यांच्या अल्सरचं ऑपरेशन मुंबईत झालं. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंतचा व्रण मी लहानपणापासून बघितलाय. तेव्हाची पद्धत अशी होती की मेंदूकडून जठराकडे जाणारी 'व्हेगस' नस कापायची, म्हणजे ॲसिड सोडायचा हुकूमच पोचत नाही, आणि जठराला आतड्याकडे दुसरी वाट करून द्यायची. शिकागोच्या ड्रॅगस्टेट नावाच्या सर्जनने १९४३ साली नस कापायचं हे तंत्र रुळवलं आणि पुढची तीन-चार दशकं जगभर ते चाललं. वडील त्यातून उठले, परत कामावर गेले. पण गोड खाल्लं की अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. लग्नात जिलेबीला हात लावायचे नाहीत. खोपोलीतल्या पाळीवाल्यांच्या पिढीत असा व्रण असलेली माणसं तुम्हालाही आठवत असतील.

गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, १९७८ ला ब्रिटनमध्ये याच दुखण्यावर गोळी दोन वर्षं बाजारात होती.

ती गोळी जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाची. १९६४ पासून तो आणि त्याचे सहकारी एका प्रश्नामागे लागले होते. शरीरातलं हिस्टामाइन जठराला ॲसिड सोडायला सांगतं, तर ते जिथे जाऊन चिकटतं ती जागाच आधी अडवली तर? शेकडो रसायनं बनवून झाली. एक सापडलं, पण तोंडावाटे नीट चालेना. दुसरं चाललं, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. तिसरं सिमेटिडीन, १९७६ ला ब्रिटनमध्ये बाजारात आलं. त्याच्या मागोमाग ग्लॅक्सोचं रॅनिटिडीन १९८१ ला. ब्लॅकला १९८८ चं नोबेल मिळालं. अल्सरची ऑपरेशनं ज्या वेगाने कमी झाली ते बघता, सुरी खाली ठेवायला लावणारी गोळी म्हणून हिचं नाव घ्यायला हरकत नाही.

आता आपल्या खोऱ्याचा भाग.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे १९११ चा पेटंट कायदा होता. परदेशी कंपनीचं औषध इथे बनवायचं तर परवानगी तिची, किंमतही तिची. १९५९ ला न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने सांगितलं की हा कायदा बदला. १९७० ला नवा कायदा झाला, २० एप्रिल १९७२ पासून लागू. त्यातली कळीची गोष्ट इतकीच की औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणार नाही, तो बनवायच्या पद्धतीवर मिळेल. पद्धत बदला आणि तेच औषध बनवा. या बदलासाठी भारतीय कंपन्यांच्या बाजूने जोर लावणाऱ्यांत सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद हे मोठं नाव.

आणि १९८२ ला सिप्लाचा चौथा कारखाना कुठे उभा राहिला? पाताळगंगेला. त्याच्या आधी रसायनीला १९६० साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स होतीच. रंग आणि औषधं ज्यातून बनतात ती मूळची रसायनं देशात बनावीत, बाहेरून आणावी लागू नयेत, म्हणून ती काढली होती. ज्या नदीत टाटांच्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी येतं, त्या पाताळगंगेच्या काठी रसायनं आणि औषधांचा पट्टा तयार झाला. त्या पट्ट्यातून नदीत काय आलं हा वेगळा विषय आहे, त्यावर मी लिहिलंय आणि लिहीन. पण भारतात औषध स्वस्त का झालं याचं उत्तर शोधायला दिल्लीला जायला नको. कर्जत-खालापुरातली पोरं डबा घेऊन ज्या गेटातून आत जायची, तिथेही ते सापडतं.

या कायद्याचा फायदा पित्ताच्या गोळीला पुरेपूर झाला. ग्लॅक्सोचं स्वतःचं झिनेटॅक होतं, पण त्याच्या शेजारी जे. बी. केमिकल्सचं रॅनटॅक, कॅडिलाचं ॲसिलॉक असे देशी ब्रँड उभे राहिले. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात रॅनिटिडीनचा समावेश झाला, म्हणजे सरकारनेच भावाला लगाम घातला. ज्या दुखण्यासाठी माझ्या वडिलांचं पोट फाडलं, त्याची गोळी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत वडापावच्या भावात मिळायला लागली. हे साधं काम नव्हतं, ते मान्य करूनच पुढे जाऊ.

पुढची उडी स्वीडनची. तिथल्या ॲस्ट्रा कंपनीने ओमेप्राझोल १९८८ ला युरोपात आणलं. रॅनिटिडीन हुकूम अडवतं, ओमेप्राझोल थेट पंपच बंद करतं. जठराच्या पेशींत ॲसिड बाहेर टाकणारे बारीक पंप असतात, त्यांना हे औषध कायमचं चिकटतं. नवे पंप तयार होईपर्यंत ॲसिड कमी. म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर राहतो. आणि म्हणूनच ती जेवायच्या आधी अर्धा तास घ्यायची असते, कारण चालू असलेल्या पंपालाच ती चिकटते. जेवण झाल्यावर जळजळतंय म्हणून पॅन घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. अमेरिकेत ओमेप्राझोलची स्वस्त जेनेरिक गोळी यायला २००२ साल उजाडलं. आपल्याकडे रेड्डीजच्या ओमेझसारखे ब्रँड नव्वदच्या दशकातच होते. जर्मनीचं पॅन्टोप्राझोल १९९४ ला आलं, आणि मुंबईच्या अल्केमच्या 'पॅन'ने ते आपल्याकडे इतकं रुजवलं की ब्रँडचं नाव हेच औषधाचं नाव होऊन बसलं.

पण याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचं वळण तिथे आहे. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना १९८२ साली दिसलं की अल्सरवाल्यांच्या जठरात एक जंतू असतो. कोणी विश्वास ठेवीना. १९८४ ला मार्शलने त्या जंतूचं पाणी स्वतः पिऊन स्वतःला आजारी पाडून दाखवलं. पुढे दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. अर्थ असा, की बहुतेक अल्सर दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकच्या कोर्सने कायमचे बरे होऊ शकत होते. म्हणजे ज्या रोगासाठी ही औषधं शोधली, तो रोग बरा व्हायला लागला. जन्मभर गोळी खायची गरज त्या रुग्णाला उरली नाही.

मग एवढ्या गोळ्या खाणार कोण? छातीत जळजळणारा. अल्सर बरा होतो, ढिली झालेली झडप गोळीने घट्ट होत नाही. गोळी ॲसिड कमी करते, रिफ्लक्स थांबवत नाही. बंद केली की पुन्हा त्रास होऊ शकतो, म्हणजे पुन्हा गोळी. कंपन्यांना असा रुग्ण आवडतो, यात कट-कारस्थान काही नाही, तो धंद्याचा हिशोब आहे. बरं, आपल्याकडे हा आजार किती? देशातल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिदलाने २०११ ला प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठवड्यातून किमान एकदा जळजळ किंवा आंबट पाणी वर येणारे ७.६ टक्के निघाले. म्हणजे शंभरात सात-आठ. आता तुमच्या ओळखीतल्या शंभर घरांत डब्यात पॅनची स्ट्रिप असलेली किती, ते मनातल्या मनात मोजा.

हा फरक कुठून येतो ते आपल्या भागात नीट दिसतं.

कर्जत ते सीएसएमटी साधारण शंभर किलोमीटर. सकाळी रिकाम्या पोटी चहा मारून गाडी पकडायची, रात्री साडेदहाला घरी, अकराला जेवण, सव्वाअकराला आडवं. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका हा रिफ्लक्सचा पहिला उपाय, आणि आपल्या हजारो लोकांना टाइमटेबल तो करू देत नाही. त्यांना डॉक्टर दुसरं काय देणार? खोपोली-रसायनीच्या नाइट शिफ्टचंही तेच. बायकांची मिश्री, पुरुषांची तंबाखू. तंबाखूने ती झडप ढिली होते. (कर्जत स्टेशनचा वडा मी बाद करणार नाही. तो बसून खा आणि झोपायच्या आधी खाऊ नका, एवढंच.)

त्याहून वाईट आमच्या वाड्यांवर. वीटभट्टीवरचा कातकरी "पोटात आग पडलीय" म्हणतो. आग भुकेची की ॲसिडची, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी, त्या गोळीने पोट जळू नये म्हणून पित्ताची गोळी, आणि दोन्ही रिकाम्या पोटी. वेदनाशामक गोळ्या स्वतः अल्सर करतात. ज्याला त्या खूप दिवस घ्याव्याच लागतात, त्याला सोबत पोट सांभाळणारी गोळी देणं बरोबरच आहे, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला. पण दोन दिवसांच्या तापावर पाच गोळ्यांची पुडी आणि त्यात एक पॅन, हा उपचार कमी आणि रिवाज जास्त.

आणि 'पॅन-डी'तला 'डी' काय, हे कधी विचारलंय? डॉम्पेरिडोन. मूळचं मळमळ-उलटीचं औषध. त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ ला सांगितलं की हे फक्त मळमळ-उलटीसाठी, कमी डोसमध्ये, शक्यतो आठवडाभरच वापरा. जळजळीसाठी नको. अमेरिकेत तर त्याला मान्यताच नाही. आपल्याकडे ते रोज सकाळी उपाशीपोटी, कित्येक महिने.

रॅनिटिडीनचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. सप्टेंबर २०१९ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केलं की काही रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे कॅन्सरची शक्यता वाढवणारं रसायन सापडतंय. नंतर कळलं की साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, ते गोळीत वाढत जातं. १ एप्रिल २०२० ला त्यांनी ते औषध बाजारातून काढायला सांगितलं. आपल्याकडे औषध महानियंत्रकांनी उत्पादकांकडून तपासणी करून घ्यायचे आदेश दिले, बंदी घातली नाही. सप्टेंबर २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून जी २६ औषधं वगळली, त्यात रॅनिटिडीन होतं. दुकानात ते अजून मिळतं. आपल्या इथल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात किती तापतं, हे मी सांगायची गरज नाही.

त्याच २०१९ मध्ये पॅन्टोप्राझोलच्या कुळातल्या औषधांच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक इजा होऊ शकते हा इशारा छापायलाही आपल्या सरकारने सांगितलं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होऊ शकतं. अमेरिकेने २०१० मध्ये हाडं मोडण्याच्या शक्यतेबद्दलही सूचना दिली होती. यातलं बरंच विरळा आहे, घाबरून आज रात्री गोळी फेकू नका. ज्यांची अन्ननलिका खूप सोलवटलीय, किंवा जे हृदयासाठी ॲस्पिरिनवर आहेत आणि पोटातून रक्तस्राव होऊन गेलाय, त्यांना ती लांबवर लागते, डॉक्टर विचार करूनच देतात. साध्या रिफ्लक्सला सहसा ४ ते ८ आठवडे, मग कमी करून बघायची.

आणि इथेच बहुतेक जण अडकतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. पोटाची काहीही तक्रार नसलेली १२० निरोगी माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे या कुळातली गोळी दिली, उरलेल्यांना नुसती साखरेसारखी खोटी गोळी. नंतर गोळी घेणाऱ्यांना खोटी गोळी सुरू केली. पुढच्या काही आठवड्यांत खरं औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ वगैरे त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्के. म्हणजे ज्यांना आजारच नव्हता, त्यांना गोळी बंद केल्याने त्रास झाला. दाबून धरलेलं ॲसिड उसळी मारतं. तुम्ही दोन दिवस बंद केली, तिसऱ्या दिवशी जळजळलं आणि "बघा, मला लागतेच" म्हणून परत सुरू केली, तर ती कदाचित आजाराची नाही, उसळीची जळजळ असेल. हळूहळू, एक दिवसाआड करत, डॉक्टरला विचारून सोडायची ती यासाठी.

एक गोष्ट मात्र इतिहासात मोडत नाही, तरी बातमीदार म्हणून लिहितो. "ॲसिडिटी वाटलं म्हणून गोळी घेऊन पडला" हे वाक्य मी बातमीत एकदा नाही, बऱ्याचदा लिहिलंय. पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे. छातीत दाबल्यासारखं, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, चालताना वाढणं, असं असेल तर पॅन घेऊन वाट बघू नका, ईसीजी काढा. तसंच घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, वजन उतरणं, यात मेडिकलवाल्याचा सल्ला चालणार नाही, दुर्बिणीतून तपासणी लागते.

हे लिहिताना माझ्याकडे एक जागा रिकामी राहिलीय. खोपोली आणि रसायनीच्या कारखान्यांत १९६० ते ८५ च्या काळात जे कामगार दवाखाने चालायचे, तिथे पोटाच्या तक्रारीवर काय दिलं जायचं याची कागदं. कोणाच्या घरी वडिलांचं, काकांचं जुनं डिस्चार्ज कार्ड, कंपनीच्या दवाखान्याचं पुस्तक, कंपाउंडरची वही असेल तर फोटो काढून मेसेजमध्ये पाठवा. नाव-गाव झाकून चालेल. तारीख आणि औषधाचं नाव दिसलं की झालं.